एकच कोष्टक, दोन वर्ग

अकरावी कला शाखेचे प्रवेश सुरू झाले की एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, ह्ये तर्कशास्त्र घेऊन पोरीनं पुढं काय करायचं वो?" विचारणारी आई बहुधा सोलापूरच्या पूर्व भागातली असते, घरात कुणी यंत्रमागावर, कुणी विड्या वळणारं. प्रश्न रास्त आहे. आम्ही शिकवणारे मात्र त्याला बगल देतो. 'विचारशक्ती वाढते', 'व्यक्तिमत्त्व घडतं', आणि अगदीच अडलं की 'स्कोअरिंग आहे हो'. यातलं शेवटचं तेवढं खरं, कारण कोष्टक बरोबर आलं की गुण कापायला जागाच उरत नाही. पण पोरीच्या फीसाठी महिन्याचा हिशोब जुळवणाऱ्या बाईला गुणांपलीकडचं काही सांगता आलं पाहिजे.

सांगायचंच तर असं. 'तर्कशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात कुठल्या पेपरात येत नाही आणि येणारही नाही. तरी ज्या कामांना आज पैसा आहे, मान आहे, त्यांतल्या कितीतरी कामांच्या तळाशी हाच विषय आहे. सोलापुरात आपण तो दोन-तीन विभागांत असा वाटून टाकलाय की तो पुरता कुणाच्याच पदरात पडत नाही. माझी तक्रार विषयाबद्दल नाही, पोरांबद्दल तर नाहीच. तक्रार या वाटणीबद्दल आहे.

वाटणी कशी, ते बघा. कला शाखेची मुलगी अकरावीत सत्यता-कोष्टक शिकते. दोन विधानं असली तर चार ओळी, तीन असली तर आठ. प्रत्येक ओळीत सत्य-असत्य भरत जायचं आणि शेवटच्या रकान्यावरून विधान सर्वतः सत्य, म्हणजे प्रत्येक ओळीत सत्य, आहे की नाही ते ठरवायचं. बारावीपर्यंत ती नैगमनिक सिद्धता करते, म्हणजे दिलेल्या विधानांतून नियमानं पायरीपायरीनं निष्कर्ष काढते, आणि विधेय तर्कशास्त्राच्या, म्हणजे 'सर्व' आणि 'काही' यांच्या तर्काच्या, उंबऱ्यापर्यंत पोचते. त्याच दिवसांत गावाच्या दुसऱ्या टोकाला डिप्लोमाचा पोरगा डिजिटलच्या तासाला अँड, ऑर आणि नॉट गेटची, म्हणजे 'आणि', 'किंवा', 'नाही' ही कामं करणाऱ्या छोट्या मंडळांची, कोष्टकं वहीत उतरवत असतो. ओळी तेवढ्याच, रकाने तेच. फक्त सत्य-असत्याच्या जागी एक आणि शून्य. पुढं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला 'डिस्क्रीट मॅथ्स'मध्ये तेच पुन्हा येतं, काही तासांत उरकलं जातं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं. आपण मांडतोय त्यावर हातातला मोबाईल चालतो, हे त्या मुलीला कुणी सांगत नाही. आपण पाठ करतोय त्यामागे विधान म्हणजे काय, सिद्धता म्हणजे काय याचा मोठा विचार आहे, हे त्या मुलाला कुणी सांगत नाही. दोघं एकाच सिटी बसनं घरी जात असतील, पण एकाच वर्गात कधी बसत नाहीत.

बसले तर काय होतं याचा दाखला विषयाच्या इतिहासातच आहे. 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचं बीजगणित जॉर्ज बूल यांनी १८५४ साली सविस्तर मांडलं. त्यानंतर ऐंशी-एक वर्षं ते तत्त्वज्ञान आणि गणिताच्या लोकांतच राहिलं. विजेच्या मंडळांची जुळणी करणारे लोक तोवर अनुभवानं आणि अंदाजानं काम करत होते. क्लॉड शॅनन हा मिशिगन विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि गणित शिकणारा मुलगा. तिथं त्यानं तत्त्वज्ञान विभागाचा तर्कशास्त्राचा वर्ग केला आणि बूलचं बीजगणित त्याच्या कानावर पडलं. पुढं एमआयटीत रिलेची, म्हणजे विजेनं चालणाऱ्या स्विचची, मंडळं हाताळताना त्याच्या लक्षात आलं की स्विच चालू किंवा बंद असणं आणि विधान सत्य किंवा असत्य असणं यांचे नियम एकच आहेत. १९३७ साली एम.एस.च्या प्रबंधात त्यानं हे दाखवून दिलं. त्यानंतरचं डिजिटल मंडळांचं सगळं शास्त्र या पायावर उभं आहे. दोन्ही विषय ठाऊक असलेलं माणूस त्या वेळी त्या जागी होतं, एवढीच त्यातली गोम, असं शॅनन स्वतःही सांगत. ऐच्छिक विषयाच्या एका वर्गाची ही करामत.

सोलापूरकरांना तर हे परकं वाटायला नको. इथल्या चादरीवर मोर उमटतो तो जेकार्डमुळं. पुठ्ठ्याच्या कार्डात भोक असलं तर सुई आरपार जाते, हूक जागेवर राहतो आणि वर उचलला जातो, त्याला बांधलेला ताण्याचा दोरा वर येतो. भोक नसलं तर सुई मागं ढकलली जाते आणि दोरा खालीच राहतो. मधून धोटा जातो आणि बाण्याची एक ओळ पुरी होते. पुढच्या ओळीला पुढचं कार्ड. सगळा मोर 'भोक आहे' आणि 'भोक नाही' एवढ्यातून विणला जातो. जेकार्डची ही कार्डं बघूनच चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची योजना केली होती. आता पुष्कळ ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले, कार्डाच्या जागी फाईल आली. जेकार्ड काही विचार करत नाही, सांगितलेलं तेवढं उचलतो, हे मला मान्य आहे. पण कार्ड हातात घेऊन शिकवलेली दोन मूल्यांची गोष्ट पोरांच्या जितकी लक्षात राहते तितकी फळ्यावरची राहत नाही.

आता त्या आईच्या प्रश्नाकडं. आधी कटू भाग सांगून टाकते. तर्कशास्त्र शिकवण्याची नोकरी हा या विषयाचा सगळ्यात अरुंद रस्ता आहे. एम.ए. तत्त्वज्ञान करायचं, कनिष्ठ महाविद्यालयासाठी बी.एड., वरिष्ठसाठी नेट किंवा सेट, आणि मग तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं थांबायचं. ज्याला विषयाचं वेडच आहे त्यानं जावं. बाकीच्यांना त्या रस्त्याला लावणं मला बरं वाटत नाही.

यापेक्षा रुंद रस्ता तिथून जातो जिथं कुणी नियम लिहितं, वाचतं किंवा तपासतं. एखाद्या योजनेच्या अर्जावर पात्रता लिहिलेली असते: 'विधवा किंवा परित्यक्ता व उत्पन्न मर्यादेच्या आत असलेली महिला'. सेतू केंद्राच्या खिडकीवरचा एक कारकून हे असं वाचतो की विधवा असली की झालं, उत्पन्नाची अट फक्त परित्यक्तेला. शेजारच्या खिडकीवरचा म्हणतो, दोघींनाही उत्पन्नाची अट आहे. कंस कुठं टाकायचा एवढाच वाद. बारावीची माझी कुठलीही मुलगी याचं आठ ओळींचं कोष्टक मांडून दाखवेल. आठपैकी सहा ओळींत दोन्ही वाचनांचं उत्तर एकच येतं. फरक पडतो तो दोन ओळींत, आणि त्या दोन्हींत बाई विधवा आहे अन् उत्पन्न मर्यादेच्या बाहेर. म्हणजे वाद नेमका कुणाबद्दल आहे ते बोट ठेवून सांगता येतं. कोणतं वाचन न्याय्य, ते तर्कशास्त्र सांगत नाही, ते कायदा बनवणाऱ्यानं ठरवायचं. पण ठरवायचं काय आहे ते समोर येतं. वकिलीत, विम्याचे दावे निकाली काढण्यात, निविदा आणि करारनामे लिहिण्यात, शासकीय परिपत्रकांच्या मसुद्यात दिवसभर हेच चालतं. कलमाखालचं परंतुक कुठल्या वाक्याला लागू आहे यावर कोर्टात वर्षं जातात. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाची क्लॅट असो की राज्याची विधी सीईटी, तर्कक्षमतेचे प्रश्न दोन्हींत असतात, ते उगीच नाही.

हिंजवडीत आपली जी पोरं सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहेत ती हेच कोष्टक 'डिसिजन टेबल' म्हणून वापरतात. तीन अटी असल्या तर आठ प्रकारे तपासून बघायचं, त्यातली एक ओळ सुटली की नेमकी तिथंच ग्राहकाची तक्रार येते. टेस्टिंगच्या कोर्ससाठी क्लासला पैसे मोजणाऱ्या बी.ए.च्या मुलीला यातलं अर्धं आधीच येत असतं. तिला ते ठाऊक नसतं आणि मुलाखत घेणाऱ्यालाही नसतं, कारण तिच्या गुणपत्रिकेवर 'लॉजिक' हा शब्द कला शाखेच्या रकान्यात अडकलेला असतो.

याच्या वरची पायरी म्हणजे तपासून बघण्याऐवजी सिद्ध करून दाखवणं. १९९४ साली इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली. काही ठरावीक आकड्यांना भागलं की उत्तर किंचित चुकायचं. चिपा बदलून देण्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड पडला. सगळे आकडे घालून चिप तपासणं शक्यच नसतं, म्हणून आराखडा बरोबर आहे याची गणिती सिद्धता द्यायच्या पद्धतींकडं उद्योगाचं लक्ष तेव्हापासून गंभीरपणे वळलं. पॅरिसमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या चालकाविना धावणाऱ्या १४ नंबरच्या मेट्रोचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर अशाच पद्धतीनं सिद्ध करून घेतलं होतं. या क्षेत्रातल्या कामासाठी क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना २००७चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. चिप-पडताळणीची कामं आज बंगळूर-हैदराबादेत आहेत. हैदराबादला तर सोलापूरच्या घराघरांतून पाहुणे आहेत. तिथं जायचं तर गणित किंवा संगणकशास्त्राची पक्की बैठक हवी आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, कोलकात्याची आयएसआय, आयआयटी मुंबई अशा ठिकाणी प्रवेश मिळवायची तयारी हवी. परदेशात ॲमस्टरडॅम विद्यापीठाचा दोन वर्षांचा तर्कशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम प्रसिद्ध आहे, तिथं तत्त्वज्ञान, गणित, भाषाशास्त्र आणि संगणक असं सगळीकडून आलेलं पोर चालतं. ही वाट शंभरातल्या एकाची आहे हे मी लपवत नाही. पण त्या एकाला ती आहे हे कळायला तर हवं.

आणि आता तर यंत्रंच लेख लिहितात, प्रोग्राम लिहितात, गणितं सोडवतात. २०२४ साली गूगल डीपमाइंडच्या प्रणालींनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या प्रश्नांवर रौप्यपदकाच्या तोडीचे गुण मिळवले. त्यात अल्फाप्रूफ ही प्रणाली आपल्या सिद्धता 'लीन' या भाषेत लिहीत होती, म्हणजे प्रत्येक पायरी नियमाला धरून आहे की नाही हे दुसरं यंत्र तपासू शकत होतं. यंत्राची वाचाळता वाढली की तपासणाऱ्याचा भाव वाढतो. तपासणं हे तर्कशास्त्राचं जुनंच काम.

स्पर्धा परीक्षांबद्दल मी थोडक्यात उरकते, कारण त्यांच्याबद्दल गावात आधीच फार बोललं जातं. युपीएससीच्या पूर्वपरीक्षेत २०११ साली सीसॅट हा तर्क आणि आकलनाचा पेपर आला, पुढं तो ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता राहिला, तरी दर वर्षी तिथंच अडकणारी पोरं आहेत. बँकांच्या परीक्षेत 'काही पेनं टेबलं आहेत, सर्व टेबलं झाडं आहेत' छापाचे प्रश्न असतात. क्लासवाले त्याच्या युक्त्या विकतात. प्रश्नाचा साचा जरा बदलला की युक्ती गळते. ज्याला पारंपरिक तर्कशास्त्रातलं विधानांचं वर्गीकरण नीट समजलंय त्याला युक्तीची गरजच पडत नाही.

आता माझ्या बाजूला अडचणीत टाकणारी गोष्ट. तर्कशास्त्र शिकलेलं माणूस व्यवहारात जास्त तर्कशुद्ध वागतं का? पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली एक साधा दिसणारा प्रश्न काढला. टेबलावर चार पत्ते: अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम पाळलाय का हे बघायला कुठले पत्ते उलटावे लागतील? बहुतेक लोक 'अ आणि ४' म्हणतात. बरोबर उत्तर 'अ आणि ७'. चारच्या मागं व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. साताच्या मागं स्वर निघाला तर मोडतो. शिकलेसवरलेलेही यात सपाटून चुकतात. १९८६ साली चेंग, होलिओक, निस्बेट आणि ऑलिव्हर यांनी दाखवलं की विद्यापीठात तर्कशास्त्राचा एक सत्राचा अभ्यासक्रम पुरा करूनही अशा प्रश्नांत म्हणण्यासारखी सुधारणा होत नाही. 'विचारशक्ती वाढते' हे आमचं ठेवणीतलं वाक्य इथं उघडं पडतं.

पण हाच नियम दुसऱ्या कपड्यांत घाला. सात रस्ता चौकात ट्रॅफिक हवालदार उभा आहे. नियम: गाडी चालवत असेल तर परवाना हवा. समोर चौघं: एक गाडीवर, एक पायी, एकाच्या हातात परवाना, एक म्हणतो परवाना काढलेलाच नाही. कुणाला तपासायचं? पायी चाललेल्याला कुणी अडवत नाही. परवाना हातात धरलेल्याच्या मागं कुणी लागत नाही. गाडीवाला आणि बिनपरवान्याचा, दोघांनाच धरायचं हे वर्गातल्या शेवटच्या बाकावरूनही ओरडून सांगतात. परवानगीचा, हक्काचा, मनाईचा नियम असला की माणसाचं डोकं बरोबर चालतं, हे पुढच्या प्रयोगांतही दिसलेलं आहे. मग यावरून तर्कशास्त्र शिकवू नये असं निघत नाही. निघतं ते असं की नुसत्या चिन्हांनी आणि 'सर्व मानव मर्त्य आहेत' एवढ्यानं ते डोक्यात उतरत नाही. नियमातून सुरुवात करून चिन्हांकडं जावं, आणि चिन्हांकडून पुन्हा नव्या नियमाकडं यावं. उजनी धरण भरल्याशिवाय शहराला पाणी पुरणार नाही, हे खरं. म्हणून उजनी भरली की पाणी पुरेल, असं होत नाही. धरण काठोकाठ भरलेलं असताना चार-चार दिवस नळाची वाट बघितलेल्या माणसाला आवश्यक अट आणि पुरेशी अट यांतला फरक वेगळा शिकवायला नको, फक्त त्याला नाव द्यायचं असतं.

याच चुकीवर आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, केवढं बारीक काम केलंय. पर्वतावर धूर आहे म्हणून तिथं अग्नी आहे, स्वयंपाकघरासारखा, हे त्यांचं नेहमीचं अनुमान. उलट बाजूनं मात्र ते अडवतात: अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं सरपण लागतं, ही दडलेली अट म्हणजे उपाधी. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन हे अनुमानाचे पाच अवयव आणि हेत्वाभासांचे, म्हणजे फसव्या कारणांचे, प्रकार नेटच्या पहिल्या पेपरात आज सगळ्या विषयांच्या उमेदवारांना विचारले जातात. मग रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेलं पोर धावतपळत गाईडमधून 'सव्यभिचार' नावाचा हेत्वाभास पाठ करतं. भारतीय ज्ञानप्रणालीचे तास आता नव्या धोरणात आलेच आहेत. त्या तासांत प्राचीन काळी आपल्याकडं काय काय होतं याच्या याद्या वाचण्यापेक्षा हा लोखंडाचा गोळा घेऊन चार दिवस भांडावं. न्यायदर्शन वादासाठीच तर आहे, आरतीसाठी नाही.

म्हणून माझं म्हणणं नेमकं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या पोराला आपल्या विद्याशाखेबाहेरचा एक खुला ऐच्छिक विषय घ्यावा लागतो. आज त्या जागी जे सोपं, जे उपलब्ध, ते ढकललं जातं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठानं त्या जागेसाठी तर्कशास्त्राचा एक पेपर तयार करावा, जो बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. सगळ्यांना एकाच वर्गात घेता येईल. इंजिनिअरिंग आणि विधीच्या पोरांनाही तो खुला करावा. अर्धे तास तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाचे, अर्धे संगणकशास्त्राच्या किंवा गणिताच्या. प्रात्यक्षिकाला एखादा खरा शासकीय अर्ज, एखादी विमा पॉलिसी, एखादं छोटं सर्किट आणि जमल्यास एक जेकार्ड. परीक्षेत व्याख्या विचारायच्या नाहीत. न पाहिलेला मजकूर द्यायचा आणि कंस टाकायला लावायचे. या पेपरला प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रसामग्री लागत नाही. २००४ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळं होऊन एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ झालं तेव्हा 'एवढंसं विद्यापीठ' म्हणून नाकं मुरडली गेली. अशा कामाला मात्र तेच सोयीचं आहे. मोठ्या विद्यापीठात दोन अभ्यास मंडळांना एका टेबलाशी बसवायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात इथं पेपर सुरूही होईल.

अडचण पैशाची नाही, वर्कलोडची आहे. दोन विभागांनी मिळून घेतलेल्या तासांचा कार्यभार कुणाच्या खात्यात धरायचा, यावरच असे प्रस्ताव अडतात. कार्यभार गेला तर उद्या पद जाईल ही शिक्षकांची भीती खोटी नाही, आणि तत्त्वज्ञानासारख्या विषयात तर मुळीच नाही. तेव्हा विद्या परिषदेनं आधी एक ठराव करावा: संयुक्त पेपरचे तास दोन्ही विभागांच्या कार्यभारात प्रत्यक्ष घेतले तेवढे धरले जातील, आणि या पेपरमुळं कुठल्याही विभागाचं मंजूर पद कमी होणार नाही. अभ्यासक्रम त्यानंतर महिन्याभरात लिहून होतो. तो लिहायला बसणारी माणसं गावात आहेत.